साध्य: देव आहे

मागच्या महिन्यात युनिट टेस्टचे पेपर तपासत बसले होते. भूमितीचे. आमच्या विषयात प्रमेय लिहायची एक ठरलेली पद्धत असते, आधी पक्ष लिहायचा, म्हणजे काय दिलंय ते, मग साध्य, म्हणजे काय दाखवायचंय ते, लागलीच तर रचना, आणि मग सिद्धता, डावीकडे विधान आणि उजवीकडे कंसात कारण. एका मुलीचा पेपर वेळेआधी संपला असणार. शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं, साध्य: देव आहे. त्याच्या वरच्या ओळीत नुसतं पक्ष: असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती.

मी तो पेपर गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवला आणि त्या दिवशी पुढचे पेपर काही तपासून झाले नाहीत. कारण तिने प्रश्न विचारला नव्हता, तिने बरोबर ती जागा रिकामी ठेवली होती जिथे मी स्वतः तीसेक वर्षं अडकलेय.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एक प्रयोग केला होता. रात्री सगळे झोपले की अंथरुणातून छोट्या दिव्याकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, तू असशील तर मी दहा म्हणायच्या आत हा दिवा घालव. मग एक, दोन, तीन. काही व्हायचं नाही. मग मी म्हणायचे की आज तो दमला असेल, किंवा अशी परीक्षा घेतलेली त्याला आवडत नसेल, आणि झोपून जायचे. आणि एका रात्री मी सातवर असताना दिवा गेला. आमच्या घरातलाच नाही, सगळीकडचे गेले होते, पण ते मला सकाळी कळलं, त्या वेळी मी पांघरुण डोक्यावरून घेतलं आणि पहाटेपर्यंत श्वाससुद्धा हळू घेत पडून राहिले. पुढची चार-पाच वर्षं माझ्यासाठी हा विषय संपला होता, प्रूफ मिळालं होतं, तेही पर्सनल.

नंतर गणित मनापासून आवडायला लागलं तेव्हा एका दुपारी ती रात्र परत आठवली आणि एकदम पोटात खड्डा पडला. दिवा गेला नाही अशा रात्री किती होत्या? मला माहीतच नव्हतं, कारण मी त्या मोजल्याच नव्हत्या. झालेली एक रात्र लख्ख लक्षात, न झालेल्या सगळ्या गायब. त्याहून वाईट म्हणजे न झालेल्या प्रत्येक रात्रीसाठी माझ्याकडे कारण तयार होतं. म्हणजे दिवा गेला तर देव आहे, आणि नाही गेला तरी देव आहेच, फक्त दमलाय. अशा प्रयोगातून दुसरं उत्तर निघायला मी वाटच ठेवली नव्हती. त्या दुपारी देव गेला असं नाही, पण माझं प्रूफ गेलं, आणि मला त्याचं खरंच दुःख झालं होतं.

आता लोक म्हणतात की देव आहे हे सिद्ध होत नाही तसं देव नाही हेही सिद्ध होत नाही, कारण ‘नाही’ कधी सिद्ध करताच येत नाही. हे मी इतक्या वेळा ऐकलंय, दोन्ही बाजूंच्या लोकांकडून, आणि दर वेळी माझ्यातली गणिताची बाई अस्वस्थ होते, कारण हे खरं नाही. ‘नाही’ सिद्ध करणं हे तर आमचं रोजचं काम आहे. सर्वांत मोठी मूळ संख्या नाही, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दाखवलं, आणि त्यासाठी त्याला सगळ्या संख्या शोधत फिरावं लागलं नाही. आहे असं धरा, तिच्यापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा, आणि बघा काय होतं, या नव्या संख्येला त्यातली एकही मूळ संख्या भागत नाही, म्हणजे धरलेलं आपलं आपणच मोडतं. तसंच देवाबद्दलही आहे. ज्या देवाची व्याख्याच स्वतःशी भांडते तो देव नाही हे सिद्ध करता येतं. त्याला उचलता येणार नाही असा दगड सर्वशक्तिमान देव बनवू शकेल का, हा शाळकरी वाटणारा प्रश्न नेमकं तेच करतो, आणि म्हणूनच बहुतेक विचारवंतांनी ‘सर्वशक्तिमान’चा अर्थ आखडता घेतला, की तर्काने शक्य असलेलं सगळं करू शकतो तो. म्हणजे काय झालं? एक व्याख्या बाद झाली, दुसरी आली. देव तिथेच, शब्द बदलले.

आणि हे नुसतं गणितात नाही. १८४६ साली ल व्हेरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने युरेनसची चाल थोडी चुकतेय यावरून कागदावर हिशेब केला की पलीकडे अजून एक ग्रह असला पाहिजे, आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र लिहून कळवलं की इथे बघा. पत्र २३ सप्टेंबरला पोचलं आणि त्याच रात्री योहान गालला नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत. पुढे बुधाच्या चालीतही अशीच चूक दिसली, तर त्याच माणसाने त्याच पद्धतीने १८५९ मध्ये सांगितलं की सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. नावसुद्धा ठेवलं गेलं, व्हल्कन. काही लोकांनी तो पाहिल्याचं ठामपणे सांगितलं. वर्षानुवर्षं ग्रहणात, दुर्बिणीत शोधलं आणि तो सापडला नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने नवीन गुरुत्वाकर्षणाने बुधाची ती चूक ग्रहाशिवायच सोडवून दाखवली. आज आपण निवांतपणे म्हणतो की व्हल्कन नाही. असता तर दिसला असता, म्हणून.

‘असता तर दिसला असता’ यासाठी आपल्या जुन्या तर्कशास्त्रात एक इतका नेमका शब्द आहे की तो मला कळला त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. योग्यानुपलब्धी. नुसतं न दिसणं म्हणजे अभाव नव्हे, जे दिसायच्या लायकीचं होतं ते दिसलं नाही तर अभाव. टेबलावर हत्ती दिसत नाही म्हणजे हत्ती नाही. टेबलावर जंतू दिसत नाही यावरून मात्र काहीच ठरत नाही. आणि हाच मुद्दा उदयनाचार्य या तर्कपंडितांनी हजारएक वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजली या ग्रंथात देवाच्या बाजूने वापरला, की ईश्वर हा मुळात डोळ्यांना दिसण्याजोगाच नाही, मग तो दिसत नाही म्हणून तो नाही असं तुम्ही कसं म्हणता? मला हे आवडतं कारण हा पळ काढणारा माणूस नाही, नियम काय आहे ते स्पष्ट सांगून त्या नियमात राहून खेळतोय.

पण नुसतं ‘नाही म्हणता येत नाही’वर ते थांबले नाहीत, त्यांना ‘आहे’ सिद्ध करायचं होतं. आणि इथे परत आमचेच शब्द येतात. न्यायशास्त्रात, म्हणजे त्या जुन्या तर्कशास्त्रातही, पक्ष आहे आणि साध्य आहे. फक्त तिथे पक्ष म्हणजे दिलेली माहिती नाही, तर ज्याच्याबद्दल सिद्ध करायचंय ती जागा. डोंगर हा पक्ष, आग हे साध्य, धूर हा हेतू, म्हणजे ज्यावरून ओळखायचं ती खूण. डोंगरावर धूर दिसतोय म्हणून तिथे आग आहे, जशी चुलीत असते. तसंच, पृथ्वी वगैरे सगळं कुणीतरी केलेलं आहे, कारण ते ‘कार्य’ आहे, म्हणजे कधीतरी निर्माण झालेलं, जसं मडकं. मडक्याला कुंभार लागतो, तर जगालाही कर्ता लागेल.

किती साधं आणि किती ओढून नेणारं आहे ते. मीसुद्धा बराच काळ ओढली गेले होते. मग खटकायला लागलं. धूर आणि आग आपण जोडीने शेकडो वेळा पाहिलीय, म्हणून एकावरून दुसरं म्हणता येतं, त्यालाच व्याप्ती म्हणतात. जगं आपण किती पाहिली? एक. तेही आतून. त्यातलं एकही बनताना पाहिलं नाही. आणि कुंभाराला तर हात असतात, आईबाप असतात, तो माती घडवतो, माती निर्माण करत नाही, मग उपमा नेमकी कुठपर्यंत घ्यायची हे कोण ठरवणार? बौद्ध आणि जैन पंडितांनी हे सगळं त्या काळीच विचारलं होतं. युरोपात डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात जवळपास हेच विचारलं, त्याचं ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये आलं. त्याचं म्हणणं की याच तर्काने चाललात तर कर्ते अनेकही असू शकतात, किंवा एखाद्या नवशिक्याचा हा पहिला कच्चा प्रयत्नही असू शकतो. जग पाहून कुंभार सिद्ध झाला असं धरलं तरी, आपण ज्याच्यापुढे हात जोडतो तो हाच, हे कुठे सिद्ध झालं?

सजीवांची रचना बघून देव सिद्ध करणाऱ्या वाटेबद्दल मी फार लिहीत नाही, १८५९ नंतर तिथे डार्विन उभा आहे. (व्हल्कनची घोषणाही त्याच वर्षीची, हे मला उगीच लक्षात राहिलंय.)

मला जास्त झपाटून टाकलं ते गोडेलने. कुर्ट गोडेल, तो तर्कशास्त्रज्ञ, ज्याने १९३१ मध्ये दाखवलं की साधं अंकगणित मावेल अशी कुठलीही सुसंगत नियमावली घेतली तरी तिच्या भाषेत अशी विधानं निघतात जी त्या नियमांनी सिद्धही होत नाहीत आणि असिद्धही होत नाहीत. म्हणजे सिद्धतेच्या मर्यादा ज्याने सिद्ध केल्या तो माणूस. आणि त्याच माणसाच्या कागदांत १९७० च्या फेब्रुवारीतलं एक टिपण आहे, चिन्हांच्या भाषेत, जेमतेम काही ओळींचं, आणि त्याचं साध्य आहे: देव आहे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती अंथरुणातली रात्र आठवली, सातवर दिवा गेलेली.

मूळ कल्पना अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या ख्रिस्ती साधूची. ज्याच्याहून मोठं काही कल्पताच येत नाही तो देव, आणि नुसत्या मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं मोठं, म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. त्याच काळात गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका साधूने उत्तर दिलं की असंच म्हणून मी सर्वोत्तम बेटही अस्तित्वात आणू शकतो. आणि १७८१ मध्ये कांट या जर्मन तत्त्वज्ञाने सांगितलं की ‘असणं’ हा गुण नाहीच, गुणांच्या यादीत तो घालता येत नाही. एवढं होऊनही गोडेलने हे परत हातात घेतलं आणि नीट गृहीतकं मांडून केलं. काही गुण ‘सकारात्मक’ असतात, एक गुण किंवा त्याचा नकार यापैकी एकच सकारात्मक असतो, सगळे सकारात्मक गुण ज्याच्यात तो देव, आणि अनिवार्यपणे असणं हाही सकारात्मक गुण. बस, मग एकेक पायरी चढत गेलं की तो आहेच, आणि असलाच पाहिजे.

२०१३ मध्ये बेन्झम्युलर आणि वोल्ट्झेनलोगेल पालेओ या दोन संशोधकांनी हे प्रूफ कॉम्प्युटरला तपासायला दिलं. तेव्हा बातम्या अशा आल्या होत्या की कॉम्प्युटरने देव सिद्ध केला, आणि मला तीन-चार जणांनी त्या पाठवल्या होत्या. कॉम्प्युटरने काय केलं तर मी पेपर तपासताना जे करते तेच. विधान, समोर कारण, पायरी बरोबर आहे का. पायऱ्या बरोबर निघाल्या. उलट त्या तपासणीत असंही निघालं की गोडेलची मूळची गृहीतकं एकमेकांशी विसंगत आहेत आणि डेना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाने किंचित बदललेली आवृत्ती तेवढी टिकते. आणि टिकते तिचंही एक जड ओझं आहे, जे सोबेल नावाच्या तत्त्वज्ञाने १९८७ मध्येच दाखवलं होतं, की ही गृहीतकं मानली तर जे जे घडतंय ते सगळं अनिवार्य ठरतं, वेगळं काही होऊच शकत नव्हतं. मी आत्ता हे वाक्य लिहिलं, तेही. देव मिळतो पण कुणाचीच कसलीच निवड उरत नाही. मग असा देव मिळून ज्याला हवा होता त्याने त्याच्याशी काय बोलायचं?

आणि गोडेलने ते छापलं नाही. मित्राला म्हणाला की प्रूफ मला पटलंय, पण छापलं तर लोकांना वाटेल मी खरंच देव मानतो, मी तर फक्त लॉजिक तपासत होतो. पण तो देव मानत होता! त्याच्या बाकीच्या कागदांवरून ते दिसतं. मी यावर खूप विचार केलाय. त्याचा विश्वास या प्रूफमधून आला नव्हता आणि प्रूफ पडलं असतं तर तो गेलाही नसता, म्हणजे जगातल्या सगळ्यात कडक तर्क करणाऱ्या माणसाच्या आतसुद्धा या दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांमध्ये राहत होत्या.

बिग बँगचंही तसंच. कल्पना मांडणारा लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होता, आणि १९५१ मध्ये पोपनी भाषणात या सिद्धांताला निर्मितीचा पुरावा असल्यासारखं मांडलं तेव्हा अस्वस्थ झालेल्यांत तो होता. ज्याचा देवावर आयुष्यभराचा विश्वास, त्यालाच आपल्या समीकरणांवर देव टेकवलेला नको होता. कारण समीकरण उद्या बदलू शकतं.

सांख्य या आपल्या जुन्या दर्शनाच्या सांख्यसूत्रात एक शब्द आहे, ‘ईश्वरासिद्धेः’. ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. सोळाव्या शतकातल्या विज्ञानभिक्षूंनी त्यावर भाष्य करताना बोट ठेवून दाखवलं की बघा, सूत्रात ‘ईश्वराभावात्’, म्हणजे ईश्वर नाही म्हणून, असं म्हटलेलं नाही. सिद्ध होत नाही म्हटलंय, नाही असं म्हटलेलं नाही. आजच्या वादांमध्ये हा एका शब्दाचा फरक किती जणांना सांभाळता येतो?

आता जे तर्कात बसत नाही त्याबद्दल. देव नाही यासाठीचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद दुःखाचा आहे, आणि तो मी नुसता वाचलेला नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, सर्व संतांचा सण होता, माणसं सकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला जमली होती आणि ती चर्चं त्यांच्यावर कोसळली, मग समुद्र आत आला, मग आग. चांगला आहे, सगळं जाणतो, सगळं करू शकतो, आणि तरीही हे. तिन्ही गोष्टी एकदम धरायच्या तर मध्ये काहीतरी फार मोठं घालावं लागतं, माणसाचं स्वातंत्र्य म्हणा, आपल्याला न कळणारा हेतू म्हणा. भूकंपाला कुणाचं स्वातंत्र्य कारणीभूत होतं हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. हा युक्तिवाद मला पटतो. असा देव मला मानता येत नाही, हे मी इथे सरळ लिहितेय.

पण बाबा गेले तेव्हा, अचानक, काही कल्पना नसताना, तेव्हा आईने हात जोडणं बंद केलं. रोज सकाळी दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहायची ती, मला कळतंय तेव्हापासून, ते थांबलं. तीन महिने. मला वाटलं, ज्या निष्कर्षाला मी वाचून वाचून आले तिथे ती एका रात्रीत पोचली, आणि मला आनंद झाला नाही, उलट भीतीच वाटली. मग एका सकाळी बघते तर परत उभी. मी न राहवून विचारलं, आई, परत पटलं का तुला तो आहे म्हणून? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी भलतंच विचारलंय. म्हणाली, "नाही असं कधी वाटलंच नव्हतं गं. रागावले होते, म्हणून बोलत नव्हते."

माझ्या हातात जे देवाविरुद्धचं सगळ्यात मोठं प्रमाण होतं ते तिच्याकडे भांडणाचं कारण होतं. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही आणि तिच्या बाजूला जाऊन उभंही राहता येत नाही. मी फक्त एवढं बघितलं की ‘देव’ हा शब्द आम्ही दोघी वापरतो तेव्हा आमची साध्यं एक नसतात.

अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये त्याचे निकाल आले, बायपास झालेले १८०२ पेशंट. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपल्यासाठी होतेय का ते माहीत नव्हतं. गुंतागुंत झाली ५२ टक्के आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होतेय, त्यांच्यात ५९ टक्के. मागितलं की शरीर बरं करणारा, मोजता येईल असा देव जर कुणाचं साध्य असेल तर ही योग्यानुपलब्धी आहे, दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. पण आईला हे आकडे सांगितले तर ती म्हणेल, मी कुठे काय मागते?

त्या मुलीच्या पेपरवर मी शेवटी पेन्सिलीनेच लिहिलं, पक्ष नंतर बघू, साध्यात ‘देव’ लिहिलायस तो कोण, ते आधी लिही. पेपर वाटले, तिने शेवटचं पान उघडून बघितलं, काही बोलली नाही. दोन दिवसांनी गृहपाठाच्या वहीत, प्रमेयांच्या मध्येच, एक ओळ होती. "मॅडम, मी एकटी असताना मनात बोलते ते जो ऐकतो तो."

मी या ओळीवर किती वेळ बसले होते सांगता येणार नाही. ही व्याख्या स्वतःशी भांडत नाही. हिच्यासाठी दुर्बीण नाही, कॉम्प्युटर नाही, पेशंटचे गट नाहीत. कुणी ऐकत नसेल तर ते न ऐकणं कसं दिसेल, त्या रात्री अंथरुणात दहा म्हणून झाल्यावरची जी शांतता असायची तिच्यात आणि ऐकून गप्प राहण्यात फरक कसा करायचा, हे मला दहाव्या वर्षी कळलं नव्हतं आणि आजही सांगता येत नाही. खोटं काही लिहायचं नाही, एवढंच ठरवलंय. नुसती बरोबरची खूण करून सोडून द्यायचं नाही, आणि तिच्या व्याख्येवर लाल पेनाने काट तर मारायचीच नाही.

वही माझ्या टेबलावर आहे. उद्या पहिल्या तासाला परत द्यायचीय.